थोडक्यात गोडी

धंदा वाढला तर त्याची जाहिरात होते आणि बुडाला तर त्याची कुजबुज होते; परंतु एखाद्याने विचारपूर्वक आपला पसारा आवरता घेतला, तर त्याला काय म्हणावे हे आपल्या समाजाला अजून उमगलेले नाही. पर्यटनाच्या क्षेत्रात तर ही अडचण विशेष जाणवते. तेथे मोठा आकडा म्हणजे प्रगती आणि लहान आकडा म्हणजे अधोगती, असे समीकरण सरकारदरबारीही रूढ झाले आहे. गोवा आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील एका अगदी छोट्या व्यवसायापुढे आज जो पेच उभा आहे, त्याच्या निमित्ताने हे समीकरण तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

हा व्यवसाय आहे पाण्याखालील छायाचित्रणाच्या सहलींचा. पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी बांधून समुद्रतळाशी जायचे आणि तेथील प्रवाळ, मासे, खडकांच्या कपारीत दडलेले बारीकसारीक जीव यांची छायाचित्रे टिपायची, असा छंद असलेल्या मंडळींना होडी, वाटाड्या, टाक्या आणि मुक्काम पुरविणे, हे त्याचे स्वरूप. वरकरणी ही चैन वाटेल. परंतु त्यामागील व्यवहार कमालीचा खडतर आहे. आपल्या किनाऱ्यावरचे पाणी मालदीव किंवा अंदमानाइतके नितळ नाही. नद्यांचा गाळ आणि पाण्यातील सूक्ष्म जीव यांमुळे पुष्कळदा चार हातांपलीकडचे दिसत नाही. शिवाय पाच-सहा मीटर खोलीवरच तांबडा रंग पाणी गिळून टाकते, म्हणून प्रकाशझोत सोबत न्यावा लागतो. आणि हा झोत थोडा जरी चुकला, तरी तरंगणाऱ्या कणांवर पडून चित्रात धुके उमटते. तेव्हा चित्रकाराला विषयाच्या अगदी जवळ जाऊन, एकाच खडकासमोर निश्चल राहून वाट पाहावी लागते. अशा वेळी बाजूला दहा माणसे पाय मारीत गेली की तळाची वाळू उसळते आणि दिवस फुकट जातो. म्हणजे या धंद्याला गिऱ्हाईक थोडेच हवे. पण होडी, हवा भरण्याचे यंत्र, टाक्यांची तपासणी, विमा, खलाशांचे पगार हा खर्च मात्र गिऱ्हाइकाच्या संख्येबरोबर कमी होत नाही. त्यातून पावसाळ्याचे महिने समुद्र बंद.

या गणितात उरलीसुरली शिल्लक होती ती बाहेरून येणाऱ्या जाणकार पर्यटकांमुळे. तीच आता आटली आहे. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०१९ साली गोव्यात ९ लाख ३७ हजार विदेशी पर्यटक आले होते. २०२४ साली एकूण पर्यटकांची संख्या १ कोटी ४ लाखांवर गेली, पण त्यांतील विदेशी जेमतेम पावणेपाच लाख होते. २०१९ च्या सप्टेंबरात ब्रिटनमधील थॉमस कुक ही जुनी प्रवासी कंपनी बुडाली, २०२० साली महामारीने विमाने जमिनीवर आणली, २०२२ पासून युक्रेनच्या युद्धाने रशियन पर्यटकांचा ओघ विस्कळीत झाला. या घावांतून मोठी हॉटेले देशी पर्यटकांच्या बळावर सावरली. एका वेळी चार माणसांना पाण्याखाली नेणाऱ्या व्यावसायिकाला तो मार्ग मोकळा नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: गर्दीच्या धंद्यात उतरणे, किंवा आपला धंदा आटोपशीर करणे.

गर्दीचा धंदा म्हणजे काय, हे मालवण-तारकर्लीला किंवा मुरगावसमोरच्या ग्रँड बेटाकडे सुट्टीच्या दिवशी गेलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पोहता न येणाऱ्या माणसाचा हात धरून त्याला पंधरा-वीस मिनिटे उथळ पाण्यात न्यायचे, माशांच्या थव्यात त्याची चित्रफीत काढायची आणि पुढच्या माणसाला हाक मारायची. मासे गोळा व्हावेत म्हणून त्यांना पाव-बिस्किटे चारण्याचे प्रकारही घडतात.

या धंद्याला सरसकट नाके मुरडणे मात्र आम्हांस मान्य नाही. बिदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूर हे गाव घ्या. कलबुर्गी-बिदरच्या त्या पठारी सीमाभागात मराठी घराघरांतून बोलली जाते, पण समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर. तेथील शेतकऱ्याचा मुलगा आयुष्यात एकदा तारकर्लीला किंवा आपल्याच राज्यातील मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाला यावा आणि पाण्याखालचे जग त्याने डोळ्यांनी पाहावे, यात गैर ते काय? समुद्र जसा महागड्या कॅमेरेवाल्याचा, तसाच त्याचाही आहे. आणि त्याला पाण्यात नेणारा मालवणचा तरुण हा बहुधा मासेमार घरातला असतो. जाळ्यात मिळेनासे झालेले दोन पैसे त्याला येथे मिळतात. तेव्हा 'गर्दी हटवा' अशी आरोळी ठोकून काही साधणार नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. क्षेत्र अवघे २९ चौरस किलोमीटर. परंतु मच्छीमारांना विश्वासात न घेता ते वरून लादले गेल्याची भावना निर्माण झाली आणि दीर्घकाळ त्याला विरोध होत राहिला. लोकांना वगळून आखलेली मर्यादा कागदावरच राहते, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

परंतु मर्यादाच नको, असा त्याचा अर्थ नव्हे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत अशाच सफरीहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक प्राणास मुकले. २०२४ च्या नाताळात कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा बळी गेला. अशा अपघातानंतर चौकशी जाहीर होते, काही दिवस परवाने तपासले जातात आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा तीच रांग लागते. ज्या व्यवहारात फेऱ्यांच्या संख्येवरच कमाई ठरते, त्यात वारा वाढला म्हणून फेरी रद्द करणाऱ्याला तोटा होतो आणि धोका पत्करणाऱ्याला नफा. दोष माणसांच्या लोभात आहे, तितकाच या रचनेतही आहे.

दुसरी मर्यादा समुद्रच घालीत आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या आसपासचे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले. तेथील बेटांवर सातत्याने केलेल्या अभ्यासात १९९८ ते २०२२ या काळात जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास घसरल्याचे आढळले. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या प्रवाळांवरील अशा चौथ्या आपत्तीची घोषणा केली. आणि त्याच वर्षाच्या आरंभी, पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीची छायाचित्रे झळकताच, तेथे पर्यटक कसे आणि किती नेता येतील याचीच चर्चा देशभर सुरू झाली. जे माघार घेत आहे त्याच्याच मागे धावण्याचा हा हव्यास पुढच्या पिढ्यांना अनाकलनीय वाटेल.

अशा वेळी जो लहान व्यावसायिक सहलींची संख्या घटवितो, दुसरी होडी विकून गरजेपुरती मच्छीमाराची होडी भाड्याने घेतो, परदेशच्या लांबच्या सहली बंद करून नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम धरतो, त्याला आम्ही पराभूत म्हणणार नाही. पूर्वी कर्ज काढून टिकविलेला डोलारा कर्जासकट कोसळताना आपण पुष्कळ पाहिले आहेत. वेळीच शीड उतरविणारा तांडेल भित्रा ठरत नाही. मात्र शीड उतरवितानाही काही धर्म पाळावा लागतो. ज्यांनी आगाऊ रक्कम भरली आहे त्यांची पै न पै परत झाली पाहिजे. ज्या खलाशांनी आणि पाणबुड्यांनी या धंद्याचा हात धरून जाळे सोडले, त्यांना हंगामाच्या तोंडावर नव्हे तर पुरेशा आधी कळविले पाहिजे आणि त्यांच्या कौशल्याचे प्रमाणपत्र त्यांच्या हाती ठेवले पाहिजे. आवराआवरीचा सारा भार सर्वांत खालच्या माणसावर टाकणे, हा शहाणपणा नव्हे, लबाडी आहे.

येथे सरकारचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. हे छायाचित्रकार वर्षानुवर्षे त्याच खडकांपाशी जातात. त्यांच्या संग्रहातील प्रत्येक चित्रावर दिवस असतो, बहुधा खोलीचीही नोंद असते. दहा वर्षांपूर्वी अमुक कपारीत प्रवाळ होते की नव्हते, अमुक जातीचे मासे केव्हा दिसेनासे झाले, याचा इतका तपशीलवार पुरावा आपल्या किनाऱ्याबद्दल अन्यत्र सहजी मिळावयाचा नाही. दोनापावल येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिने आणि राज्य सरकारांनी या मंडळींशी रीतसर करार करून ही चित्रे नोंदींसह जतन करावीत आणि ठरावीक ठिकाणांची दरवर्षी पाहणी करण्याचे काम मोबदला देऊन त्यांच्याकडे सोपवावे. गिऱ्हाईक कमी झालेल्या व्यावसायिकाला त्यातून आधार मिळेल आणि समुद्राला साक्षीदार मिळेल. निवृत्त युद्धनौका 'गुलदार' निवतीजवळ बुडवून पाण्याखालचे आकर्षण उभारण्याची योजना ज्या शासनाला सुचते, त्याला तळाशी आधीच असलेल्या जिवंत ठेव्याची नोंदवही ठेवणे जड जाऊ नये.

त्याबरोबरच प्रत्येक ठिकाणी दिवसाला किती माणसे पाण्यात उतरावीत हे ठरले पाहिजे, आणि ते ठरविताना स्थानिक मच्छीमार व होडीवाले यांना मताचा अधिकार हवा. नवशिक्यांसाठी उथळ जागा राखून ठेवाव्यात. नाजूक प्रवाळांच्या जागांना आठवड्यातून काही दिवस विसावा द्यावा. नांगर खडकावर पडू नये म्हणून होड्या बांधण्याचे कायमचे तरंगते बोये बसवावेत. खराब हवामानामुळे रद्द झालेल्या फेरीची नुकसानभरपाई देणारा सामाईक निधी परवाना शुल्कातून उभा करावा, म्हणजे होडी किनाऱ्यावर ठेवणाऱ्याच्या घरची चूल विझणार नाही. यामुळे ठाणाकुशनूरच्या मुलाची सहल बंद पडणार नाही. कदाचित त्याला एक दिवस अधिक थांबावे लागेल, पण पाहण्याजोगे काही शिल्लक राहील आणि तो सुखरूप घरी परतेल.

आपल्या किनाऱ्यावर ही शिस्त नवी नाही. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्यावाचून होडी पाण्यात लोटायची नाही, हा संकेत पाळणाऱ्या माणसांनी हंगाम आणि विश्रांती यांचा मेळ शतकानुशतके राखला. त्यांना कोणी मागासलेले म्हटले तरी त्यांचे मासे संपले नाहीत. थोडक्यात गोडी, फारात लबाडी, असे आपल्याकडे म्हणतात. चार माणसांची होडी चालविणाऱ्याने ही म्हण परिस्थितीच्या रेट्याने का होईना, पण ऐकली आहे. एक कोटीचा आकडा मिरविणाऱ्यांनी ती ऐकावी, यासाठी आणखी एखादी बोट उलटण्याची वाट पाहिली जाऊ नये.