तांबी काढणारे हात कुठे आहेत?

दोन बाळंतपणांत अंतर हवे असलेल्या गोंदिया जिल्ह्यातील स्त्रीला दीर्घकालीन साधन मागताच मिळाले पाहिजे, अशी आमची ठाम भूमिका आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची भिस्त शस्त्रक्रियेवर आहे; पुरुष नसबंदी एक टक्काही नाही. (पुरुषांना दुखते, असे दिसते!)

‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. तारीख ऐन रोवणीत आली, की सालेकसा, देवरीकडच्या मजूर बाईला आरोग्य केंद्र गाठण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. त्यात पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. हे आधी कोणी सांगितले नसेल, तर ती घाबरते आणि सासूला आयते निमित्त मिळते. ‘कॉपर-टी 380 ए’ ही तांबी दहा वर्षे चालते, प्रसूतीनंतर 48 तासांतही बसवता येते. पण ती काढून घ्यायला आलेली एक बाई परत पाठवली, की बातमी गावभर होते.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तांबी बसवणारी आणि विनासवाल काढणारी प्रशिक्षित परिचारिका जिल्हा परिषदेने नेमावी. दंडात बसवायच्या गर्भनिरोधक रोपणांनाही हाच नियम लागू हवा. काढणारे हात नसतील, तर ती जिल्ह्यात आणूच नयेत.