न्यायालय पुरावा मागते

चवदार तळ्यावरील आपला हक्क रोखण्यासाठी महाडच्या स्पृश्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला. त्याचा अखेरचा निकाल मुंबई हायकोर्टाने दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. अस्पृश्यता हा अन्याय आहे, म्हणून तो दावा फेटाळला गेला काय? नाही. आपली वहिवाट अनादि आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले.

यातील बोध ओळखा. न्यायालय अश्रू मोजत नाही, पुरावा पाहते. आज कायदा आपल्या बाजूस आहे. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. त्यान्वये आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि तेथे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडितास आहे. बौद्ध झाल्याने हे संरक्षण जाईल, अशी भीती बाळगू नका. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे.

मात्र हक्क कागदावर असून भागत नाही. फिर्यादीची नक्कल मागून घ्या. ती विनामूल्य मिळते. साक्षीदारांची नावे लिहून ठेवा. जातीचा दाखला जपा. एकही तारीख चुकवू नका. जो हक्क सिद्ध करता येत नाही, तो हिरावून घेणे सोपे असते!