गोड बातमी

माझा धंदा शब्दांचा आहे. गेली एकोणीस वर्षे मी अचलपुरात मुलांना मराठी शिकवितो, आणि या एकोणीस वर्षांत उत्तरपत्रिकांच्या समासात तांबड्या शाईने सर्वांत जास्त वेळा मी काय लिहिले असेल, तर ‘मोघम. स्पष्ट लिहा.’ मोघम लिहिणाऱ्याचे गुण कापण्यात मी कधी हयगय केलेली नाही. असा हा मी गेले सात महिने घरात, दारात आणि कॉलेजात इतका मोघम बोलतो आहे की, माझाच एखादा विद्यार्थी परीक्षक असता तर त्याने मला बिनदिक्कत नापास केले असते.

याची सुरुवात मात्र माझी नव्हे, सौभाग्यवतींची. फाल्गुनातली सकाळ होती. मी कॉलेजला निघालो होतो. सौ. दारापर्यंत आली आणि म्हणाली,

“आता मला गाडीवर मागं बसवून खड्ड्यांतून नेत जाऊ नका.”

“बरं. पण जायचंय कुठं? परतवाड्याला?”

“कुठंच नाही.”

“मग?”

“मग काही नाही. सांगून ठेवलं.”

या वाक्याचा अर्थ मला लागला तो थेट कॉलेजच्या फाटकापाशी. त्या दिवशी पहिल्याच तासाला मला शब्दशक्ती शिकवायच्या होत्या. अभिधा म्हणजे सरळ अर्थ, लक्षणा म्हणजे वळणाने जाणारा अर्थ आणि व्यंजना म्हणजे न बोलता सुचविलेला अर्थ. व्यंजनेचे इतके सुंदर उदाहरण खिशात असूनही मला ते वर्गात काढता आले नाही. पाठ्यपुस्तकातले जुनेच उदाहरण सांगून मी वेळ निभावली.

मग माझ्या ध्यानात आले की, या एका बाबतीत आपली मराठी भाषा सरळ बोट म्हणून दाखवीत नाही. ‘दिवस गेले’ म्हणते, पण कसले दिवस आणि कुठे गेले, ते सांगत नाही. ‘दोन जिवांची’ म्हणते, ‘पाय जड झाले’ म्हणते, फारच आनंद झाला तर ‘गोड बातमी’ म्हणते. ‘पोटुशी’ हा त्यातल्या त्यात धीट शब्द, पण तोही लाडात आलेला. ‘गर्भवती’ हा स्पष्ट शब्द आहे खरा, पण त्याची जागा दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यात. घरात तो कुणी उच्चारीत नाही. आमच्या शेजारच्या मावशींनी तर कमालच केली. सौ.ला एकदा नीट निरखून त्यांनी एवढेच विचारले, “कितवा व?” महिना हा शब्दसुद्धा गाळला! उत्तरपत्रिका असती तर मी समासात विचारले असते, ‘कितवा काय?’ सौ.ने मात्र दोन बोटे दाखविली आणि संवाद संपला.

तुम्ही म्हणाल, ही जुन्या माजघरातली लाज. मीही तसेच समजत होतो, आणि म्हणूनच चार वर्षांपूर्वी एक चूक करून बसलो.

त्या वेळी आमच्या लग्नाला सात वर्षे झाली होती. बातमी कळताच मी ती शुद्ध अभिधेत सगळ्या गावाला सांगितली. प्राध्यापकांच्या खोलीत पेढे वाटले. प्राचार्यांना सांगितले, शिपायाला सांगितले, कुरिअर घेऊन आलेल्या मुलालाही सांगितले. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीणबाई यंत्राच्या पडद्याकडे पाहत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आयुष्यात मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत, पण इतके स्पष्ट काहीच ऐकले नव्हते.

पुढचे चार-सहा महिने मी बातमी परत घेत हिंडलो. पेढा खाल्लेला प्रत्येक माणूस रस्त्यात थांबवून आनंदाने विचारी, “काय सर, घरी सगळं कसं काय?” बातमी देण्यासाठी मराठीत हवे तेवढे शब्द आहेत, पण दिलेली बातमी परत घ्यायला एक नाही. मी नुसता ‘नाही’ म्हणे. मग समोरच्याचा चेहरा पडे, आणि त्याचेच सांत्वन करणे मला भाग पडे. सौ.ने तर बाजारात जायचेच सोडले होते. शेजारच्या मावशींनी मात्र एका शब्दाने चौकशी केली नाही. त्या रोज संध्याकाळी मेथीची नाही तर अंबाडीची जुडी घेऊन येत आणि सौ.समोर बसून निवडीत. निवडून झाली की जात. महिनाभर त्यांच्या घरी दुसरी भाजी झाली नसावी.

तेव्हापासून मोघमपणाबद्दल माझे मत बदलले. ज्यांनी ‘दिवस गेले’ हा शब्दप्रयोग घडविला, त्या बायका लाजत नव्हत्या. काय काय होऊ शकते हे त्यांना ठाऊक होते. तान्ह्याच्या टाळूवर हात ठेवताना आपण जितका हलका ठेवतो, तितक्याच हलक्या हाताने त्यांनी हे शब्द ठेवले आहेत.

म्हणून यंदा आम्ही गप्प राहिलो. मला चव्वेचाळिसावे, सौ.ला अडतिसावे. डॉक्टरीणबाईंनी कागदावर सौ.च्या वयाखाली एक रेघ ओढली. माझ्या वयाखाली ओढली नाही, हाच काय तो माझा मान. सातव्या आठवड्यात त्याच अंधाऱ्या खोलीत आम्ही पुन्हा गेलो. गर्भलिंगनिदान केले जात नाही, असे सांगणारी पाटी भिंतीवर होती. १९९४ च्या कायद्याने ती तिथे लागलेली असते. मुलगा की मुलगी, हा प्रश्न मला पाटी नसती तरी सुचला नसता. माझा प्रश्न एकच होता आणि तो विचारण्याची माझी छाती नव्हती.

जड वेळी पंडिताला पोथी आठवते, तसा मला तिथे सुश्रुत आठवला. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून त्या स्त्रीला दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची, असे त्याने शारीरस्थानात म्हटले आहे. आपला ‘डोहाळा’ संस्कृतातल्या ‘दोहदा’वरून आला, आणि दोहदाचे नाते या दोन हृदयांशी जोडतात. बाईला जे खावेसे वाटते ते त्या दुसऱ्या हृदयाचे मागणे असते, म्हणून ते पुरवावे, असा त्यातला भाव. सुश्रुताने चौथ्या महिन्यात सांगितले ते आताचे यंत्र सहाव्या-सातव्या आठवड्यातच दाखविते. पडद्यावर तांदळाच्या कणीएवढे काहीतरी लुकलुकत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या,

“ठोके आहेत.”

दोन शब्द. मोघमपणाचा लवलेश नाही. पूर्ण गुण. येताना खड्डे चुकवीत मी गाडी इतकी सावकाश आणली की एक सायकलवाला आम्हांला मागे टाकून गेला.

दुसऱ्या हृदयाने पहिली मागणी केली ती ज्येष्ठात, आणि मागितले काय, तर संत्रे. संत्र्यांच्या मुलखात राहून ही काय मोठी गोष्ट, असे बाहेरच्या वाचकांना वाटेल. पण इथल्या माणसाला विचारा! आमच्याकडे संत्र्याचे दोन बहार. मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारी ते एप्रिलात उतरतात. आंब्याच्या मोहराबरोबर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया. त्याची फळे दिवाळीच्या सुमाराला. ज्येष्ठात झाडावर असतात ती लिंबाएवढी हिरवी बाळफळे. डोहाळ्याला नेमका तोच महिना सापडला होता.

कालिदासाचा दिलीप राजा राणीचे डोहाळे तिच्या सख्यांना पुनःपुन्हा विचारी, कारण राणी लाजून स्वतः सांगत नसे. पण त्याच्या धनुष्याची दोरी चढली की स्वर्गातली वस्तूसुद्धा त्याला दुर्लभ नव्हती. माझ्याजवळ धनुष्याच्या जागी कापडी पिशवी. ती घेऊन मी अचलपूर पालथे घातले, परतवाडा पालथा घातला. एका दुकानात परदेशी संत्री मिळाली, मेण लावल्यासारखी चकचकीत. सौ.ने साल सोलायला घेतली तर ती सुटेना. “हे संत्रं नाही,” असा निकाल देऊन तिने ते मला खायला लावले. शेवटी नेहमीच्या फळवाल्याला माझी दया आली. तो म्हणाला,

“काहून हिंडून राह्यले जी सर? मृगाचा बार कधीचाच सरला. आता आंबियाच. त्याले दिवायीपर्यंत दम धरा लागते.”

तो संत्र्याबद्दल बोलत होता. पण डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीखही दिवाळीच्याच तोंडावरची होती. मी घरी येऊन बोटांवर मोजले. जानेवारी-फेब्रुवारीत फुलायचे आणि दिवाळीला पिकायचे, म्हणजे संत्र्यालाही नऊ महिने लागतात. इतकी वर्षे या भागात राहून मी हा हिशेब कधी केला नव्हता.

पुढे एका विद्यार्थ्याच्या बागेत जाण्याचा योग आला. झाडे हिरव्या फळांनी वाकली होती आणि खाली ओल्या मातीत गळलेली फळेही पुष्कळ पडली होती. फळगळ ही बागाईतदाराची कायमची धास्ती. पावसाने फार ताण दिला तरी फळ गळते, फार लागून राहिला तरी गळते. मी झाडाकडे पाहून म्हणालो, “यंदा माल चांगला दिसतो.” त्या मुलाचे वडील चटकन म्हणाले, “सर, झाडावर हाये ते आपलं नाही. उतरलं ते आपलं.” पण असे म्हणणारा हा गृहस्थ पहाटे उठून त्याच झाडांना पाणी देत होता, औषध मारीत होता, वाकलेल्या फांद्यांना बांबूचा टेका देत होता. आपले नाही म्हणायचे आणि टेका मात्र चुकवायचा नाही. मी टेक्यांकडेच पाहत उभा राहिलो.

भाद्रपदात सौ.ची चाल शकुंतलेसारखी झाली. कालिदासाची शकुंतला नव्हे, आमची. मूर्तिजापूर ते अचलपूर अरुंद रुळांवरून धावणाऱ्या गाडीला लोक शकुंतला म्हणत. आता ती धावत नाही. धावत होती तेव्हा ७६ किलोमीटरांना चार तास घेई. ही उपमा मला इतकी आवडली की मी ती सौ.ला ऐकविली. ती चिडेल असे वाटले होते. ती कमरेवर हात ठेवून थांबली आणि म्हणाली,

“पण पोचत होती ना?”

त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

नववा लागला त्या दिवशी मावशी एक गाठोडे घेऊन आल्या. बाळाला पहिले कपडे जुन्याचे घालतात, म्हणून त्यांनी आपल्या मऊ झालेल्या सुती लुगड्यांची दुपटी शिवली होती, झबली शिवली होती. काय आणले ते त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. “वर ठेवून द्या सर,” एवढेच म्हणाल्या. मी फळीवर ठेवले. रात्री उठून पाहिले तर सौ. फळीखाली उभी राहून वर बघत होती. मला पाहून म्हणाली, “पाल दिसली.” मी म्हणालो, “मलाही आवाज आला.” व्यंजना दोघांनाही आता चांगली येऊ लागली आहे.

काल कॉलेजातून येताना फळवाल्याने लांबूनच हाक मारली, “सर, आली जी!” माझ्या छातीत धस्स झाले. “कोण आली?” मी ओरडलो. “आंबियाची संत्री!” तो म्हणाला. पहिलाच उतारा, साल अजून हिरवट. मी दोन घेतली. सौ.ने एक सोलले, एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि “आंबट आहे,” म्हणून सगळे संपविले. मग दुसरे सोलायला घेतले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दारात आकाशकंदील लागला असेल आणि आमची तारीख आलेली असेल किंवा येऊन गेलेली असेल. पुढे काय झाले, ते मी या सदरात लगेच कळवीनच असे नाही. कुणी विचारलेच तर सांगेन, की दम धरून आहोत. उत्तर मोघम आहे, हे मला ठाऊक आहे. हवे तर गुण कापा.