ऊन सर्वांना सारखे नसते

उन्हाळा आला की ‘दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका’ हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. सल्ला बिनचूक आहे. पण तो कोणासाठी? आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात ऐन चैत्र-वैशाखात उन्हाळ कांद्याची काढणी चालते. उक्ते काम घेतलेल्या बाया भर दुपारी पात कापत बसतात. डोईवर पदराखेरीज सावली नसते. त्यांत माझी आईही असते. तिला हा सल्ला वाचून दाखवला तर ती हसेल, एवढेच!

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेली १४ माणसे दगावली. तिथला पारा आपल्याकडच्या मे महिन्याइतका चढलेलाही नव्हता. पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंगातली उष्णता निघत नाही. त्यानंतर शासनाने दुपारी १२ ते ५ उघड्यावरील कार्यक्रमांना मनाई केली. कार्यक्रमाची वेळ बदलते, मग कामाची का बदलू नये?

पहाटे कामाला लागावे, अकराला थांबावे, चारनंतर पुन्हा बसावे. बांधावर जुन्या साड्यांचा मांडव आणि पाण्याचा माठ, याला खर्च तो किती? मात्र हे मालकाला सांगायचे कोणी? बाया बोलणार नाहीत. उद्या कामाला बोलावणार नाहीत ही धास्ती. पण आपल्यापैकी कित्येकांचे वडील, चुलते स्वतःच कांदा करतात. त्यांच्याशी बोलायला आपल्याला कोणाची भीती आहे?