उभ्या गाडीची निगा

संसारांतील बहुतेक वस्तु वापरानें झिजतात. परंतु कांहीं वस्तु न वापरल्यानेंच लवकर बिघडतात. मोटारीमागें जोडून नेण्याची कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचें घर, ही या दुसऱ्या वर्गांतली. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, व हें नांव सरकारी कागदांतहि आलें. भाड्यानें गाडी घेणाऱ्यास तिच्या निगेची चिंता नसते. ज्या कुटुंबानें ती स्वतःची केली, त्याची गाडी मात्र वर्षांतून चार-पांच वेळां बाहेर पडते, आणि उरलेले दिवस अंगणांत उभी असते. तिचें खरें नुकसान होतें तें याच दिवसांत.

पहिला शत्रु पाणी. आमच्या उरवड्याकडे पाऊस नुसता वरून पडत नाहीं. वारा त्यास आडवा करून भेगांत लोटतो. म्हणून वैशाखांतच छपरावरील सांधे, खिडक्यांच्या कडा व दिव्यांच्या बैठका तपासाव्या. तेथील सीलंट तडकलें असेल, तर जुनें खरवडून काढून मगच नवें भरावें. जुन्यावर नवें थापल्यास तें धरत नाहीं. आंतून भिंती बोटांनीं दाबून पाहाव्या. जेथें मऊ लागेल किंवा कुबट वास येईल, तेथें पाणी शिरलें असें निश्चित समजावें. गाडी प्लास्टिकच्या कागदांत गुंडाळूं नये. ओल आंतच कोंडते व बुरशी धरते. वर पत्रा व चारी बाजूंनीं वारा, ही उत्तम व्यवस्था. पाण्याची टाकी रिकामी करून तोटी उघडी ठेवावी, आणि तळाशीं नळ्या-तारा शिरण्याचीं भोकें उंदरांना वाट मिळणार नाहीं अशीं तारेच्या चोथ्यानें बुजवावीं. मात्र गॅसच्या हवेसाठीं ठेवलेलीं छिद्रें यांत बुजवूं नयेत. त्यांचें कारण पुढें येईल.

दुसरी काळजी चाकांची. अक्ष, नाभि, अर, नेमि, आणि चाक निसटूं नये म्हणून अक्षाच्या टोकास घालावयाची खीळ, जिला वैदिक भाषेंत 'आणि' असेंच नांव आहे, अशीं रथाच्या एकेका अवयवास पूर्वजांनीं निराळीं नांवें दिलीं. कारण त्यांतील एकहि दुबळा झाला तर रथ चालत नाहीं. बैलगाडीवाला वंगण दिल्यावांचून लांबच्या वाटेस लागत नसे. तोच नियम येथें. वर्षांतून एकदां चाकें उतरवून बेअरिंगांतील जुनें ग्रीस काढवून नवें भरवावें. चाकें पुन्हां बसविल्यावर शंभरएक किलोमीटर झाले, कीं नट पुन्हां आवळून पाहावे.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून निर्धास्त राहूं नये. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. २३१९ असें असेल, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. सहा-सात वर्षांनंतर रबर उभ्याउभ्याच कठीण होऊन तडकतें, व भरल्या ओझ्याखालीं तो टायर केव्हां फुटेल याचा नेम नाहीं. हवा नेहमीं टायर थंड असतांनाच भरावी. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर सपाट जागीं चाकांना दोन्हीं बाजूंनीं लांकडी ठोकळे पक्के लावावे आणि मग हातब्रेक सोडून ठेवावा. ओढलेला ब्रेक ओलींत गंजून चाकास चिकटतो.

बॅटरी रिकामी होऊन पडूं देऊं नये. साधी शिशाची बारा व्होल्टांची बॅटरी पूर्ण भरलेली असतां साधारण १२.६ व्होल्ट दाखविते; १२.४ च्या खालीं उतरली, कीं भरावी.

आतां ज्यांत जिवाशीं गांठ आहे, तें सांगतों. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो. गळला तर वर न जातां जमिनीलगत सांचतो. म्हणून गाडीच्या तळाशीं त्यास बाहेर पडण्यासाठीं छिद्रें ठेवलेलीं असतात. थंडी लागते म्हणून पुष्कळ लोक तींच चिंधीनें बुजवितात! असें कदापि करूं नये. रबरी नळी दर पांच वर्षांनीं बदलावी. सांध्यांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात काय तें पाहावें, काडी ओढून पाहूं नये. निजतांना सिलिंडर बंद, व एक खिडकी किंचित उघडी.

प्रवासास निघतांना जड सामान धुरेच्या जवळ पण थोडें पुढें रचावें. मागें ओझें झालें, तर गाडी नागासारखी डोलूं लागते. ताम्हिणी घाट उतरतांना आरंभापासून खालच्या गिअरमध्यें हळू उतरावें. सतत दाबलेला ब्रेक तापून निकामी होतो. मागील सर्व दिवे जोडून पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते, व ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांकहि मागें दिसला पाहिजे.

इतकें सारें कोणीं पाहावयाचें, हा एकत्र कुटुंबांतील अवघड प्रश्न. थोरल्यास वाटतें, धाकट्यानें पाहिलें असेल. धाकट्यास वाटतें, पुतण्यानें. सर्वांची वस्तु ती कोणाचीच नव्हे! याकरितां घरांतील एकास, मग ती सून असो वा मुलगा, गाडीची रखवाली नांवानें सोंपवावी. एक वही घालावी. तींत टायरचें वर्ष, ग्रीसची तारीख, नळी बदलल्याची तारीख लिहावी. दर पंधरवड्यास, एकादशीस म्हणा, दार उघडून एक फेरी घालावी. आणि निघण्याच्या सकाळीं त्या माणसानें 'आज गाडी जाणार नाहीं' असें म्हटलें, तर आजोबांनींहि तें मानावें. मुलें हिरमुसतील, डबे उघडून अंगणांतच जेवावें लागेल. पण त्या गाडींत आपलें सारें घर बसावयाचें असतें, हें विसरूं नये.