नद्यांचं माहेर

गूगलवर 'पाटोदा' शोधलंत तर बहुधा आधी भेटेल ते भास्करराव पेरे पाटलांचं आदर्श गाव. झकास गाव आहे, पण ते छत्रपती संभाजीनगरजवळचं. येवल्याकडेही एक पाटोदा आहे. आज आपण जाणार आहोत ते पाटोदा बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. या पाटोद्याची गंमत अशी की तिथल्या माणसांनाही ते सांगायला लाजल्यासारखं होतं.

माझ्या फ्लॅटमेटचंच घ्या ना. नोकरी हिंजवडीत, पगार माझ्या तिप्पट (फ्रीलान्सरची व्यथा, दुसरं काय!), पण कुणी गाव विचारलं की मॅडमचं ठरलेलं उत्तर, "नगर साइड." विषय संपला.

मागच्या वर्षी ती सहा महिने इंग्लंडला ऑनसाइट होती. आली ती चॉकलेटं आणि एका खेड्याचे शंभर फोटो घेऊन. दगडी चर्च, छोटा पूल, जुना पब आणि गावाच्या तोंडाशी एक पाटी. चर्च कधी बांधलं, पूल कुणी बांधला, बाजार कुठे भरायचा, सगळं त्यावर लिहिलेलं. "अगं, आमच्या एसटी स्टँडवर याहून जास्त माणसं असतात," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आमच्या पाटीवर काय लिहिणार? दुष्काळ?"

बस्स, कॉलमला विषय मिळाला. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी रात्री आम्ही दोघी एसटीत.

पुणे, नगर (आता अहिल्यानगर), जामखेड. जामखेडपासून पाटोदा पंचविसेक किलोमीटर, पण या पंचवीस किलोमीटरांत आपण एक जुनी सरहद्द ओलांडतो. जामखेड ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होतं, पाटोदा निजामाच्या राज्यात. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ ला जामखेड स्वतंत्र झालं आणि पाटोद्याला तेरा महिने थांबावं लागलं, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. शाळेत आपण मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा धडा पाठ केला, पण तो असा एसटीच्या खिडकीतून कधी पाहिला नव्हता. आणि ज्या खर्ड्याला ११ मार्च १७९५ ला मराठ्यांनी निजामाला हरवलं, तेही इथून जवळच, जामखेड तालुक्यात. म्हणजे पाटीची पहिली ओळ तयार!

घरी काकूंनी भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याचा ठेचा वाढला. डाएट वगैरे विसरा. मी म्हटलं, "काकू, तुमचं गाव बघायला आलेय." त्या हसल्या. "काय बघणार बाई? डोंगूरच हाय नुसता."

तर हा डोंगूर म्हणजे बालाघाट. आणि खरी स्टोरी इथेच आहे, बॉस! पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ, साधारण ८२३ मीटर उंचीवर, मांजरा नदी उगम पावते. तिथून ती निघते ती थेट ७२४ किलोमीटर जाते. वाटेत धनेगावचं धरण, ज्यातून लातूरला पाणी मिळतं. पुढे बीदर, मग तेलंगणात निजामसागर, आणि शेवटी गोदावरी. हैदराबादच्या नळांनाही मांजरेचं पाणी गेलेलं आहे. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा? तीही याच तालुक्यातली, वाघिऱ्याकडून निघते. सिंदफणा? तीसुद्धा इथलीच, चिंचोलीच्या डोंगरातली. या चिंचोलीलाच गहिनीनाथगड आहे. निवृत्तिनाथांचे गुरू गहिनीनाथ, त्यांच्या नावाचा. संत वामनभाऊंच्या पुण्यतिथीला तिथे केवढी तरी गर्दी लोटते.

एका तालुक्यात तीन नद्यांचं माहेर! आणि चौथी, विंचरणा, सौताड्याला दरीत उडी घेते. शनिवारी आम्ही तिथे गेलो. वरून धबधबा, खाली रामेश्वराचं मंदिर, पायऱ्या उतरता उतरता तोंडावर तुषार. वनवासात सीतामाईने इथे केस विंचरले म्हणून नदी विंचरणा, असं काकू सांगतात. भूगोल वेगळंच सांगतो, पण तोही कमी फिल्मी नाही. विंचरणा जाते सीनेला, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे या एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, अलीकडे पडला तर गोदावरीचा आणि पलीकडे पडला तर कृष्णेचा. वाटणी होते ती इथे.

आता आठवा एप्रिल २०१६. मांजरेचं धरण आटलं आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, पाच लाख लिटर. कुठून? मिरजेहून, कृष्णेकाठच्या गावातून. ज्या दोन पाण्यांची वाट पाटोद्याच्या डोंगरावर वेगळी होते, त्यांना पुन्हा भेटायला शेकडो किलोमीटरचा रेल्वेप्रवास करावा लागला.

परतताना नायगावच्या मयूर अभयारण्याच्या बाजूने आलो. १९९४ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. मोर दिसला नाही, ओरडणं मात्र भरपूर ऐकलं. मी खुशीत पाटीचे मुद्दे मोजत होते आणि फ्लॅटमेट गप्प.

कारण संध्याकाळी कळलं. दोन वर्षं ती घरी पैसे पाठवत होती, विहीर खोल करायला. आई-बाबांचा कोयता सुटावा म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो, आणि दसऱ्या-दिवाळीनंतर टोळ्या निघतात पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पाच-सहा महिने पालात किंवा कोपीत. तिचं बालपण अर्धं असंच गेलेलं. म्हणून तर 'नगर साइड'. गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "आई-बाबा काय करतात?"

विहीर खोल झाली होती. पाणी लागलं नव्हतं. आणि बाबांनी यंदाही उचल घेतली होती, तिला न सांगता.

ती चिडली, रडली. काका खाली मान घालून सुपारी कातरत बसले. काकू तेवढं म्हणाल्या, "आवंदाच. मग न्हाई जायचं." हे त्या दर वर्षी म्हणतात, असं नंतर कळलं.

रात्री गच्चीवर पडल्या पडल्या मला सारखं वाटत होतं, माहेर हा शब्द या तालुक्याला किती अचूक बसतो. माहेरी कुणी राहत नाही ना! पाणी उतारावरून निघून जातं, माणसं दसऱ्यानंतर, शिकलेली पोरं पुण्याला. ज्यांच्या डोंगरातून लातूरचं पाणी निघतं त्यांची विहीर कोरडी, आणि ज्यांच्या शेतात उसाचं कांडं नाही ते साखरेसाठी राबतात. आपल्या कॉफीतल्या साखरेसाठी.

रविवारी परतीच्या एसटीत मी विचारलं, "हे लिहू का गं?" जामखेड येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. गावाचं नाव नीट लिही. माझं नको."

म्हणून हा कॉलम. पाटी लागेल तेव्हा लागेल.

कसं जाल : पुण्याहून अहिल्यानगर-जामखेडमार्गे एसटी. जामखेड-पाटोदा रस्त्यावरच सौताडा लागतं.
काय बघाल : सौताड्याचा धबधबा आणि रामेश्वर, गहिनीनाथगड, नायगावचं मयूर अभयारण्य. दरीच्या काठावर सेल्फीगिरी नको, प्लीज!
कधी जाल : चांगला पाऊस झाला की, श्रावणात. दसऱ्यानंतर गेलात तर धबधबा बारीक झालेला असेल आणि बऱ्याच घरांना कुलूप.