वटपूजन आणि वटपालन

ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमेस सुवासिनी वडाच्या बुंध्याभोवती सुताचे फेरे घालतात, आंबा, फणस, जांभूळ, करवंद अशा ऋतुफळांचे वाण देतात आणि सावित्रीचे स्मरण करून सौभाग्याचे मागणे मागतात. त्याच दिवशी बाजारात वडाच्या फांद्यांच्या मोळ्या विकावयास येतात व त्यांविषयी दरसाल हळहळ व्यक्त होते. ती रास्तच आहे. ज्यांच्या घराजवळ वड नाही त्यांनी पाटावर गंधाने वड रेखून पूजा करावी. ही रीत अनेक घरांत आहे आणि तिने व्रतास तिळमात्र उणेपणा येत नाही. महाभारताच्या वनपर्वात सत्यवानास मस्तकशूळ उठला तो लाकडे तोडीत असताना, एवढे फांदीवर कोयता चालविणाऱ्याने सहज आठवून पाहावे.

असो. तुटलेली फांदी वड पुन्हा फोडतो. मला आज लिहावयाचे आहे ते दारच्या वृक्षाच्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांविषयी.

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोमंतकातही घर म्हटले की अंगणात वड वा पिंपळ, परसात फणस, कडेला रायवळ आंबा आणि विहिरीशी माड हे ठरलेलेच. समुद्राच्या सान्निध्यामुळे येथे हाडे गोठविणारी थंडी नाही, विदर्भासारखा होरपळविणारा उन्हाळाही नाही. अशा सम हवेत वृक्ष तीन-तीन पिढ्या सुखाने नांदतात. मात्र दोन गोष्टी विसरून चालत नाही. पायाखाली बहुधा जांभा दगड असून त्यावरील मातीचा थर पातळ असतो. आणि वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत, वाऱ्यासह कोसळतो. म्हणून येथील गृहस्थाला जुन्या वृक्षाचे जितके प्रेम तितकेच भय. वैशाख सरत आला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते, “यंदा कौलांवर आला तर?” आणि कुऱ्हाडवाल्यास निरोप जातो. माझे म्हणणे असे की, हे भय खोटे नसले तरी ते बहुतांशी आपणच निर्माण केलेले असते.

ते कसे, हे पाहू. वृक्षाची मुळे पाताळात गेलेली असतात, ही आपली एक आवडती समजूत. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे प्रत्यक्षात बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पूर्वी वडाला पार बांधीत तो जांभ्याचे चिरे नुसते रचून, आत माती भरून. पावसाचे पाणी त्याच्या सांध्यांतून झिरपे, वारा आत शिरे. आता पार बांधतात तो सिमेंटचा. वर गुळगुळीत फरशी, आणि अंगणही बुंध्यापर्यंत कोबा करून टाकलेले. चिखल नको, पातेरा नको, मोटार उभी करावयास जागा हवी. वृक्ष त्याच वर्षी मरत नाही, हीच खरी अडचण आहे. काही वर्षे तो साठवणीवर जगतो, मग शेंड्याकडची डहाळी वाळू लागते, पाने बारीक येतात, आणि मग आपण म्हणतो की झाड म्हातारे झाले. म्हातारपण कसले, आपण त्याच्या नाकातोंडावर हात दाबून धरलेला असतो. बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील वृक्षांच्या बाबतीत दिला होता. घरच्या अंगणात त्यासाठी लवादाची वाट पाहण्याचे कारण काय?

कुंपणाचेही तसेच. कोकणातील जुना गडगा जमिनीवर नुसता रचलेला असे. त्याखालून मुळे निर्वेध जात. आता भाऊभाऊ विभक्त झाले की हद्दीवर पक्की भिंत येते, तिच्या पायासाठी दोन-तीन फूट खोल चर खणला जातो आणि त्या रेषेत वृक्षाची एका बाजूची सारी मुळे तुटतात. नळासाठी आणि शोषखड्ड्यासाठी पुन्हा खणणे होते ते वेगळेच. जी मुळे वाऱ्याच्या ओढीला दोरासारखी धरून ठेवतात तीच नाहीशी झाल्यावर वृक्ष कशाच्या आधारावर उभा राहणार? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत माड, पोफळी आणि जुने आंबे आडवे झालेले असताना ती पौर्णिमा आली. एवढ्या वादळात धडधाकट वृक्षही पडतात, हे मान्यच केले पाहिजे. परंतु एका बाजूची मुळे तोडलेल्या वृक्षाला कोसळण्यास एवढे वादळही लागत नाही.

दुसरे भय पोकळीचे. ढोली दिसली की झाड गेले असे मानण्याचा प्रघात आहे. वृक्षाचा जीव सालीखालच्या पातळ थरात आणि त्यालगतच्या कोवळ्या लाकडात असतो. आतला गाभा हा मृत आधार. गाभा पोखरला तरी सभोवतीची भिंत पुरेशी जाड असेल तर वृक्ष दीर्घकाळ तग धरतो. ती ढोली सिमेंटने बुजविण्याची हौस अनेकांना असते. ती टाळावी, सिमेंट वाऱ्याबरोबर झुलत नाही आणि आत ओल धरून ठेवते. बंगालमधील शिवपूरच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाला १८६४ व १८६७ च्या वादळांनी इजा पोचली, पुढे बुरशीने मूळ खोड कुजले आणि १९२५ साली ते काढून टाकावे लागले. तो वड आजही आपल्या पारंब्यांवर उभा आहे. आणि आपण? ओटीवर लोंबतात, रंगविलेल्या भिंतीला डाग पडतात, म्हणून पारंब्या कापतो. वडाचे म्हातारपणाचे पाय ते.

छाटणी करूच नये असे मात्र नाही. वाळलेली, चिरलेली, कौलांवर झुकलेली फांदी पावसापूर्वी जाणत्या माणसाकडून काढून घ्यावी. फांदीचा जेथे फुगीर काठ असतो तो राखून कापावे, खुंटही ठेवू नये आणि खोडाशी सपाटही तासू नये. आंब्यावरील बांडगूळ त्याची फळे पिकण्यापूर्वी खरवडून काढावे, कारण पुढे पक्षी ते बी फांदोफांदी नेतात. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला तर भिरूड लागली हे ओळखावे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. जुन्या आंब्यांच्या पुनरुज्जीवनाविषयी तेथे सल्ला मिळतो. सारा शेंडा एकदम उडविणे मात्र निखालस चुकीचे. त्या जखमांतून जो नवा फुटवा येतो तो वरवर चिकटलेला असतो आणि पुढे तोच वादळात घरावर येतो. भीतीपोटी केलेली छाटणीच अशी भीतीला खरी करून दाखविते.

भाविकांनी रागावू नये, पण पूजेच्या उपचारांतही थोडा विवेक हवा. सुती दोरा पावसापाण्याने कुजून जातो. नायलॉनचा दोरा वर्षानुवर्षे सालीत रुततो. ढोलीत पेटता कापूर ठेवणे म्हणजे वृक्षाच्या उदरात अग्नी घालणे होय. तसबिरीसाठी खिळे ठोकणे, दिव्यांच्या माळा तारांनी आवळून वर्षभर तशाच ठेवणे, मुळांवर तेल ओतणे, यांनी देव प्रसन्न होतो असे कोणत्या पुराणात लिहिले आहे? भिंतीत रुजलेल्या पिंपळाला हात लावावयास अनेक घरे कचरतात आणि दहा वर्षांनी भिंत दुभंगते. तो रोपटे असतानाच मुळांसह अलगद सोडवून देवळाच्या माळावर लावला, तर पापाचा प्रश्न उरत नाही.

शहरांतून १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा लागू आहे. वृक्ष स्वतःच्या आवारातील असला तरी तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना ‘हेरिटेज’ दर्जा दिला. आपल्या आजोबांनी लावलेला वड त्यात सहज बसेल.

पूजा आटोपल्यावर घरातील कर्त्या पुरुषाने एक पहार घेऊन पारावरची फरशी उकलावी, घरचा पालापाचोळा तेथेच बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून पसरावा. जमिनीपर्यंत न पोचलेली एखादी पारंबी हेरून तिच्याभोवती माती भरलेला पोकळ बांबू उभा करावा, म्हणजे ती सरळ खाली उतरून रुजेल. मृग लागलेला असतो, माती ओली असते. या कामाला ज्येष्ठासारखा महिना नाही.